खेळयंत्रांचे अदमास

आजचा विषय माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभणारा नाहीं, असें आपल्यापैकीं पुष्कळांना वाटेल. टेलिव्हिजनला जोडून खेळावयाचीं जीं यंत्रें बाजारांत 'व्हिडिओ गेम कन्सोल' या नांवानें मिळतात, त्यांच्या यशापयशाचीं भाकितें व्यापाऱ्यांनीं कशीं केलीं आणि तीं कशीं फसलीं, याची ही हकीकत आहे. मी या विषयाकडे वळलों त्याला कारण माझें स्वतःचेंच एक भाकीत होय. १९९० नंतर मुंबई-पुण्याच्या बाजारांत 'टीव्ही गेम' म्हणून एक यंत्र मिळूं लागलें होतें. त्यांत कॅसेट खोंचावयाची, तार टेलिव्हिजनला जोडावयाची, आणि पडद्यावर एक मिशाळ माणूस उड्या मारीत धांवतो, त्याला तासन् तास धांववीत बसावयाचें, असा तो प्रकार होता. माझ्या मुलानें हट्ट धरून तें यंत्र घरीं आणविलें, तेव्हां मीं सर्वांदेखत भविष्य वर्तविलें कीं, हें दोन महिन्यांचें खूळ आहे. दिवाळीपर्यंत तें माळ्यावर जाईल. पुढें तें माळ्यावर गेलें हें खरें. परंतु दोन महिन्यांनीं नव्हे, आणि गेलें तेंही त्याच्या जागीं त्याहून महागडें दुसरें आलें म्हणून!

मागाहून वाचनांत आलें कीं, हेंच भाकीत माझ्या आधीं अमेरिकेंतल्या मुरलेल्या व्यापाऱ्यांनीं केलें होतें. त्यांच्याजवळ विक्रीचे आंकडे होते, माझ्याजवळ कांहींच नव्हतें. चुकलों मात्र दोघेही. आंकडे जवळ असूनही माणूस चुकतो कसा, हें पाहण्याचा नाद मला तेव्हांपासून लागला.

प्रथम हा धंदा कसा चालतो तें थोडक्यांत सांगतों. हीं यंत्रें बनविणारा कारखानदार यंत्रावर फारसा नफा घेत नाहीं. कित्येकदां तो तें तोट्यांतही विकतो. त्याची खरी मिळकत यंत्रांत घालावयाच्या खेळांवर असते. गिऱ्हाईक यंत्र घेतें तें त्यावर चांगले खेळ मिळतात म्हणून, आणि खेळ रचणारे लोक खेळ रचतात ते त्या यंत्राला पुष्कळ गिऱ्हाईक आहे म्हणून. आठवड्याच्या बाजाराला लोक जमतात ते दुकानें मांडलेलीं असतात म्हणून, आणि दुकानें मांडलीं जातात तीं लोक जमतात म्हणून. तसाच हा प्रकार आहे. अमुक यंत्र चालेल असा बोभाटा झाला कीं खेळ रचणारे तिकडे धांवतात आणि तें यंत्र खरोखरच चालतें. तें बुडणार अशी आवई उठली कीं ते पाय मागें घेतात आणि यंत्र खरोखरच बुडतें. पावसाच्या अंदाजानें पाऊस पडत नाहीं कीं थांबत नाहीं. येथें मात्र अंदाजाचा परिणाम घटनेवरच होतो.

दुसरी अडचण काळाची. अमेरिकेंत या मालाची मोठी विक्री नाताळाच्या सुमारास होते. परंतु त्याचे सुटे भाग कित्येक महिने आधीं सांगून ठेवावे लागतात. म्हणजे ज्याला डिसेंबरांत माल विकावयाचा आहे, त्याला उन्हाळ्यांतच कागदावर एक आंकडा लिहावा लागतो. आंकडा कमी पडला तर गिऱ्हाईक रिकाम्या हातानें परत जातें. जास्त झाला तर गुदामें भरतात. अंदाज करावा कीं न करावा, ही निवड व्यापाऱ्याला नसतेच.

आतां इतिहासाकडे वळूं. कॅलिफोर्नियांतील अटारी ही कंपनी १९७२ सालीं निघाली. १९७६ सालीं वॉर्नर या बड्या कंपनीनें ती २ कोटी ८० लाख डॉलरांस विकत घेतली, आणि १९७७ सालीं अटारीनें खेळ बदलतां येणारें आपलें सुप्रसिद्ध यंत्र बाजारांत आणलें. १९८० नंतर त्याला अशी भरभराट आली कीं, जो खेळ येईल तो खपूं लागला. मागणी इतकी, आणि माल इतका अपुरा, कीं दुकानदाराला मागितलेल्यापैकीं कांहीं भागच मिळे. अशा स्थितींत १९८१ च्या ऑक्टोबरांत अटारीनें घाऊक व्यापाऱ्यांना सांगितलें कीं, पुढील संपूर्ण वर्षाची मागणी आतांच नोंदवा.

ही नोंदणी म्हणजे अंदाजाचें उत्तम साधन असें कोणालाही वाटेल. प्रत्यक्ष विकणाऱ्यांनींच आपल्या तोंडानें गरज सांगितल्यावर चूक कोठें राहिली? परंतु रेशनच्या दुकानापुढें रॉकेलसाठीं रांगेंत उभा राहिलेला कोणताही गृहस्थ ती चूक दाखवून देईल. निम्मेंच मिळणार अशी खात्री असली, म्हणजे मनुष्य दुप्पट मागतो. व्यापाऱ्यांनीं तेंच केलें. गरजेहून पुष्कळ अधिक माल त्यांनीं नोंदविला, आणि अटारीनें ती मागणी खरी समजून कारखाने चालविले. १९८२ उजाडलें तों इतरही अनेक कंपन्या खेळ काढूं लागल्या होत्या. दुकानांत माल तुंबला आणि व्यापाऱ्यांनीं नोंदविलेली मागणी भराभर रद्द केली. त्याच वर्षीं एका गाजलेल्या चित्रपटावर आधारलेला 'ई. टी.' हा खेळ नाताळ गांठण्यासाठीं अवघ्या पांच-सहा आठवड्यांत रचवून घेण्यांत आला. त्याच्या सुमारें ४० लाख प्रती काढल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक विकल्या गेल्या नाहींत, अथवा परत आल्या.

७ डिसेंबर १९८२ रोजीं जाहीर करण्यांत आलें कीं, अटारीची विक्री त्या वर्षीं पन्नास टक्क्यांनीं वाढेल असा जो अदमास होता, तो दहा-पंधरा टक्क्यांवर आणावा लागत आहे. वस्तुतः दहा टक्के वाढ ही कांहीं आपत्ति नव्हे. परंतु लोकांनीं शेअर घेतले होते ते पन्नास टक्क्यांच्या भरंवशावर. वॉर्नरच्या शेअरचा भाव सुमारें एक तृतीयांशानें कोसळला. पुढल्या फेब्रुवारींत सुमारें १,७०० कामगारांना घरीं बसविण्यांत आलें आणि कारखान्याचें काम हाँगकाँग व तैवान येथें हलविण्यांत आलें. १९८३ सालीं अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरांच्या वर गेला. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिको संस्थानांतल्या आलामोगोर्डो गांवाच्या कचरापट्टींत पुरण्यांत आला. लोक ही गोष्ट दंतकथा मानूं लागले होते. पण एप्रिल २०१४ मध्यें ती जागा उकरली, तेव्हां खेळांच्या चेपलेल्या पेट्या खरोखरच वर आल्या.

घरगुती खेळांचा अमेरिकेंतला व्यापार १९८३ मध्यें ३२० कोटी डॉलर होता, तो १९८५ मध्यें १० कोटींवर आला, असा हिशेब दिला जातो. हे आंकडे समोर असतां, 'हें खूळ होतें आणि तें संपलें' असें दुकानदार म्हणाले, तर त्यांना मूर्ख कसें म्हणावें? फक्त त्या आंकड्यांचा अर्थ त्यांनीं एका बाजूनेंच लाविला. लोकांना खेळ नकोसे झाले, असें ते समजले. वास्तविक लोकांना नकोसे झाले होते ते वाईट खेळ, आणि चांगला कोणता व वाईट कोणता हें ओळखण्याचें साधन त्यांच्याजवळ उरलें नव्हतें.

हा दुसरा अर्थ लावला तो जपानांतल्या एका जुन्या घराण्यानें. क्योटो येथें १८८९ सालीं निन्तेंदो नांवाचें दुकान निघालें, तें फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठीं. १९४९ पासून त्याची सूत्रें संस्थापकाचे पणतू हिरोशी यामाउची यांच्या हातीं होतीं. अमेरिकेंत बाजार कोसळत असतांनाच, १५ जुलै १९८३ रोजीं, या कंपनीनें जपानांत 'फॅमिली कॉम्प्युटर', संक्षेपानें 'फॅमिकॉम', हें यंत्र १४,८०० येनला विक्रीस काढलें. पहिल्या यंत्रांत दोष निघाला, तेव्हां यामाउचींनीं तीं यंत्रें परत घेऊन दुरुस्त करून दिलीं. माझ्या घरीं आलेला तो 'टीव्ही गेम' म्हणजे याच यंत्राची, बहुधा परवान्यावांचून केलेली, नक्कल होती. अशा नकला आपल्याकडे किती घरांत गेल्या, याची नोंद क्योटोच्या वहींत नाहीं. विक्रीचे अधिकृत आंकडे वाचतांना एवढें ध्यानांत ठेवलेलें बरें.

यामाउचींचे जांवई मिनोरु आराकावा हे अमेरिकेंतली शाखा पाहत. तेथें हें यंत्र नेण्याचा विचार निघाला, तेव्हां चाचपणींत कोठूनही उत्साहाचें उत्तर मिळेना. व्हिडिओ गेम हा शब्द ऐकतांच दुकानदार हात जोडीत. मग यंत्राचें रूप बदललें. तें व्हिडिओ टेपच्या यंत्रासारखें दिसेल असें केलें, आणि त्याचें नांव 'निन्तेंदो एन्टरटेनमेन्ट सिस्टिम' असें ठेवलें. त्याबरोबर एक लहानसा यांत्रिक माणूस दिला, कीं हें खेळणें आहे असें दुकानदारानें समजावें. १९८५ च्या ऑक्टोबरांत फक्त न्यूयॉर्क व आसपासच्या दुकानांत प्रयोग सुरू झाला. कंपनीचीं माणसें न्यू जर्सींतल्या एका गुदामांत ठाण मांडून बसलीं आणि दुकानोदुकानीं जाऊन मांडणीही त्यांनींच केली. दुकानदारांशीं करार असा केला कीं, माल आज ठेवून घ्या, पैसे मागाहून द्या, आणि विकला न गेला तर सारा परत करा.

श्रोतेहो, या कराराकडे मी आपलें लक्ष विशेषेंकरून वेधूं इच्छितों. दुकानदाराचा अंदाज होता कीं यंत्र खपणार नाहीं. कंपनीचा होता कीं खपेल. कोणाचा खरा, यावर वाद घालीत बसण्याऐवजीं कंपनीनें एवढेंच केलें कीं, अंदाज चुकल्यास त्याची झळ ज्याचा अंदाज त्यालाच लागावी. शिवाय साऱ्या देशाला एकदम हात न घालतां एकाच शहरांत परीक्षा पाहिली, म्हणजे चुकलों तरी घर बुडूं नये. परवानगीवांचून कोणाचाही खेळ चालूं नये म्हणून यंत्रांत एक लहानसें कुलूप बसविलें, आणि खेळ रचणाऱ्या प्रत्येक कंपनीला वर्षांत पांचच खेळ काढण्याची मर्यादा घातली. ही मर्यादा जाचक होती आणि तिच्याविरुद्ध तक्रारीही पुष्कळ झाल्या. पण मालाचा तो जुना पूर पुन्हां आला नाहीं. न्यूयॉर्कांतली विक्री डोळे दिपविणारी नव्हती, तरी पुढें पाऊल टाकण्याजोगी होती. १९८६ मध्यें यंत्र अमेरिकाभर गेलें. सर्व जगांत मिळून त्याचा खप अखेर ६ कोटी १९ लाखांवर पोहोंचला.

येथें कोणी विचारील कीं, अंदाज करण्याचें कांहीं शास्त्र नाहीं काय? आहे. १९६९ सालीं फ्रँक बास या अमेरिकन प्राध्यापकानें नव्या वस्तूंच्या खपाविषयीं एक गणित मांडलें. कांहीं लोक स्वतःच्या हौसेनें नवी वस्तु घेतात. बाकीचे शेजाऱ्याकडे पाहून घेतात. त्यामुळें खप प्रथम हळूहळू, मग झपाट्यानें वाढतो आणि शेवटीं ओसरतो. बास यानें या गणितावरून रंगीत टेलिव्हिजनच्या खपाचाही अंदाज केला होता, आणि त्याची पद्धत पुढें सर्वमान्य झाली. परंतु तींत एक मेख आहे. एकंदर किती लोक ती वस्तु घेणार, ही संख्या गणिताला पुरवावी लागते. सुरुवातीच्या कांहीं वर्षांचा खप हातीं असेल तर ती त्यावरून काढतां येते. पण वस्तु बाजारांत येण्यापूर्वीं अंदाज हवा असेल, तर मागल्या तशाच वस्तूचा खप पाहून ती संख्या धरावी लागते. या धंद्यांत पाय घसरतो तो याच पायरीवर.

मास्तरकीच्या संवयीनें हें एका उदाहरणानें दाखवितों. निन्तेंदोनें घरांतल्या टेलिव्हिजनसाठीं फॅमिकॉमपासून एकामागून एक काढलेल्या चार यंत्रांचा जगांतला एकूण खप फळ्यावर लिहूं : ६ कोटी १९ लाख, ४ कोटी ९१ लाख, ३ कोटी २९ लाख, २ कोटी १७ लाख. पांचवी संख्या कोणती येईल? वर्गांतला कोणताही हुशार मुलगा सांगेल : एक कोटीच्या आंतबाहेर. २००६ सालीं हें पांचवें यंत्र, 'वी', बाजारांत आलें. त्या वेळीं सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन २' या यंत्राचा खप १० कोटींवर गेलेला होता आणि तिचें त्यापुढचें यंत्र त्याच नोव्हेंबरांत येत होतें. बळ, चित्रांचा रेखीवपणा, सारें सोनीच्या बाजूला होतें. 'वी' या नांवाचीही लोकांनीं चेष्टा केली. परंतु निन्तेंदोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं एक निराळाच हिशेब मांडला होता. आज जे खेळतात त्यांची संख्या सर्वजण मोजतात. जे कधींच खेळत नाहींत त्यांची कोणी मोजीत नाहीं. या यंत्राचें दांडकें हातांत धरून हवेंत हात फिरविला कीं पडद्यावर टेनिसची बॅट फिरे. आज्या-आजोबांनाही तें जमूं लागलें. सोनीच्या नव्या यंत्राची अमेरिकेंत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, तर याची २५० डॉलर. पांचवी संख्या आली १० कोटी १६ लाख!

आतां सहावी? एवढ्या विजयानंतर कोणीही आंकडा मोठाच लिहील. निन्तेंदोनेंही तसेंच केलें. २०१२ च्या नोव्हेंबरांत 'वी यू' हें यंत्र निघालें. तें नवें यंत्र आहे कीं जुन्या यंत्राला जोडावयाचें एखादें उपकरण आहे, हेंच पुष्कळ लोकांना उमगलें नाहीं. शिवाय जे आजी-आजोबा 'वी' घेऊन गेले होते, ते समाधानी होते. त्यांना दुसरें नकोच होतें. मार्च २०१४ अखेरच्या वर्षांत ९० लाख यंत्रें विकूं, असा कंपनीचा अदमास होता. जानेवारींत तो २८ लाखांवर आणावा लागला. खेळ रचणाऱ्यांनीं पाठ फिरविली आणि सहावी संख्या १ कोटी ३५ लाखांवरच थांबली. स्वतःच्या मालाविषयीं स्वतः कारखानदाराचा अंदाज तिपटीहून अधिक चुकावा, यापलीकडे बाहेरच्या पंडितांना काय दोष द्यावा?

सातवें यंत्र 'स्विच'. १३ जानेवारी २०१७ रोजीं तोक्यो येथें त्याची किंमत व तपशील जाहीर झाला, आणि शेअरबाजारानें तत्काळ आपलें मत दिलें : कंपनीच्या शेअरचा भाव त्या दिवशीं पांच टक्क्यांहून अधिक उतरला. या खेपेस कंपनीनेंही जपून, पहिल्या पूर्ण वर्षांत १ कोटी यंत्रें, असा आंकडा लिहिला. प्रत्यक्ष विक्री झाली १ कोटी ५० लाख; आणि आजवरचा एकूण खप १५ कोटींच्या पुढें गेला आहे. त्याची पुढील आवृत्ति ५ जून २०२५ रोजीं निघाली, तेव्हां मार्च २०२६ अखेरपर्यंत दीड कोटी असा अदमास कंपनीनें सांगितला होता. नोव्हेंबरांत तो १ कोटी ९० लाखांवर नेला. म्हणजे तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावें, हा धडा क्योटोकरांनीं घेतलेला दिसतो.

मग या इतिहासाचें तात्पर्य काय? अंदाज करूंच नये, असें कांहीं लोक म्हणतात. तें अशक्य आहे, हें आपण आरंभींच पाहिलें. माझ्या मतें तात्पर्य असें कीं, मागल्या खपाचा आंकडा आपणांस लोकांनीं काय घेतलें तें सांगतो. कां घेतलें तें सांगत नाहीं, आणि ज्यांनीं घेतलें नाहीं त्यांच्याविषयीं तर चकार शब्द काढीत नाहीं. म्हणून अंदाज चुकणार हें धरूनच चालावें, आणि चुकल्यावर त्याची किंमत कोण भरणार, हें आधीं ठरवावें. अटारीच्या चुकीची किंमत पुष्कळ अंशीं त्या १,७०० कामगारांनीं भरली. कारखान्यानें किती पेट्या काढाव्या हें त्यांना कोणी विचारलेंही नव्हतें. 'वी यू' चा अदमास फसला, तेव्हां इवाता यांनीं पांच महिने स्वतःचें वेतन निम्मेंच घेतलें आणि इतर संचालकांनींही आपापल्या वेतनाला कात्री लावली. पुढें त्याच वर्षीं जर्मनींतली एक कचेरी बंद होऊन तेथल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हां चूक सर्वस्वीं वरच्यांनींच सोसली असें म्हणतां येणार नाहीं. पण पहिला घाव त्यांनीं स्वतःवर घेतला, हें खरें.

हें लिहितांना मला माझ्या धंद्याची आठवण राहून राहून होत होती. तीस-बत्तीस वर्षें मीं वर्गावर अंदाजच केले. तिमाहीचे गुण, सहामाहीचे गुण, त्यावरून वार्षिक परीक्षेचा निकाल. फळ्यावरच्या त्या चार संख्यांसारखेंच तें होतें. एकदां एका मुलाचे वडील मला विचारावयास आले. मुलाचे गुण प्रत्येक परीक्षेंत उतरत होते. मीं सांगितलें, "याच्या हातून शिक्षण होणार नाहीं, दुकानांत घाला." त्यांनीं माझ्या शब्दाला मान देऊन तसें केलें. मुलगा पुढें शिकला नाहीं, आणि माझें भाकीत खरें ठरलें असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. आतां वाटतें, तें खरें ठरलें नाहीं. मीं तें खरें करविलें. त्याचे गुण कां उतरत होते, हें मीं त्याला एकदांही विचारलें नव्हतें. आणि त्या अंदाजाची किंमत भरली ती त्यानें. माझ्या पगारांतून एक पैसाही गेला नाहीं.

यंत्रें काय, आज पुरलीं तर उद्यां नवीं निघतात. अंदाज माणसांविषयीं असेल, तेव्हां मात्र न्यूयॉर्कच्या त्या करारासारखें एखादें कलम त्यांत ठेवावें, कीं चूक झाल्यास माल परत घेतां यावा. त्या मुलाच्या बाबतींत मीं तें ठेवलें नव्हतें.